उरलेली सात मिनिटं

"शेवट सांग."

हातात डीव्हीडी घेऊन कोणी शिक्षक लायब्ररीच्या दारात उभा राहिला, की त्या चष्मा नाकावर खाली ओढायच्या, उजव्या हाताचा तळवा पुढे करायच्या आणि एवढंच म्हणायच्या. गोऱ्या शिक्षकांना तेच इंग्रजीत, "टेल मी द एन्डिंग, प्लीज." त्यातलं प्लीज ऐकून नव्या माणसाला वाटायचं, ही विनंती आहे. ती विनंती नसायची. शेवट सांगता आला नाही तर तळवा मागे जायचा, चष्मा वर जायचा आणि शिक्षक आल्या पावली परत.

पामर्स्टन नॉर्थच्या आमच्या हायस्कुलात वर्गात सिनेमा किंवा साधी दहा मिनिटांची क्लिप दाखवायची असली तरी त्यांची सही लागायची. त्या शाळेच्या ग्रंथपाल. हे काम त्यांच्यावर कोणी सोपवलं होतं की त्यांनीच अंगावर ओढून घेतलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीतही असं एखादं माणूस असेलच. त्याच्याकडे किल्ली नसते, पण त्याला विचारल्याशिवाय कुलूप उघडत नाही.

मी २०१३ साली तिथे विज्ञान शिकवायला लागलो. पुण्यात मी इंजिनिअर होतो. बायकोला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली आणि मी तिचा पदर धरून आलो. इथे माझ्या इंजिनिअरिंगला कोणी विचारेना, म्हणून शिक्षकाचा डिप्लोमा केला. शाळेच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि थेट मराठीत विचारलं, "कुठला रे तू?" पुण्याचा, म्हणालो. "असू दे," त्या म्हणाल्या.

त्या कराडच्या. तिकडे बारा वर्षं भूगोल शिकवून यजमानांच्या मागोमाग इथे आल्या होत्या. यजमान मातीचे शास्त्रज्ञ, इथल्या संशोधन संस्थेत. साठीला टेकल्या तरी त्या सायकलवरून शाळेत यायच्या, पंजाबी ड्रेस, त्यावर राखाडी कार्डिगन आणि पायांत पळायचे बूट. अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून अंबाडा पार मानेवर उतरला होता. मी त्यांना बाई म्हणू लागलो. शाळेत दोनशे मिस आणि मिसेस असतील, पण बाई एकच.

बाईंची एक हिरव्या पुठ्ठ्याची जाड वही होती. फिल्मचं नाव, किती मिनिटांची, कुठल्या वयासाठीचं सरकारी लेबल, कोणत्या वर्गाला, का दाखवायची, शिक्षकाने संपूर्ण पाहिली का, आणि शेवटी दोन सह्या, एक शिक्षकाची आणि एक बाईंची. लेबलांच्या बाबतीत त्या सरकारपेक्षा कडक होत्या. लेबलावर एम, म्हणजे सोळाच्या वरच्यांसाठी बरा, असेल तर आठवडाभर आधी पालकांना चिठ्ठी. आर, म्हणजे ठरावीक वयाखाली बंदी, असेल आणि मुलं त्या वयाखालची असतील तर आई-वडिलांनी सही करून दिली तरी नाही, कारण इथे तो गुन्हा आहे. एका नव्या शिक्षिकेने, फक्त शेवटच्या दहा मिनिटांतच मारामारी आहे, असं सांगून पाहिलं. मग ती दहा मिनिटं मला सांगा, म्हणाल्या. बिचारी सांगता सांगता स्वतःच थांबली.

शिक्षकांना त्यांचा सगळ्यात नावडता नियम होता पावसाचा. आमच्या गावात पाऊस आणि वारा घरच्या माणसांसारखे येऊन-जाऊन असतात. शुक्रवारी शेवटचा तास, मैदानात पाणी, मुलं उधळलेली, शिक्षक थकलेला. अशा वेळी एखादा विनोदी सिनेमा लावावा आणि आपण मागे बसून चहा प्यावा, असं कोणाला वाटणार नाही? बाई म्हणायच्या, पाऊस हे कारण नाही. शिकवण्यासाठी वर्गात फिल्म दाखवायला कायद्याने मुभा दिली आहे, वेळ घालवायला दिलेली नाही. आमचे खेळाचे शिक्षक एकदा असाच रग्बीचा सिनेमा घेऊन गेले. का दाखवायचा, या रकान्यात काय लिहू, असं बाईंनी विचारलं, तर ते म्हणाले, "द किड्स हॅव बीन हीप्स गुड, मिस." म्हणजे पोरं फार गुणी वागलीत. बाईंनी शांतपणे लिहिलं, कारण: हीप्स गुड. परवानगी: नाही. ती नोंद मी स्वतः पाहिली आहे. पुढच्या आठवड्यात तोच गडी, टॅकल करताना डोकं कसं वाचवायचं, याची दहा मिनिटांची क्लिप घेऊन आला. ती बाईंनी दोनदा पाहिली, आवडली म्हणून.

मला त्यांनी दिलेला पहिला धडा मात्र वहीत नव्हता. फिल्म चालू असताना मास्तरने पडद्याकडे बघायचं नसतं, असं त्या म्हणाल्या. आपण आधीच बघितलेलं असतं. आपण पडद्याशेजारी उभं राहून मुलांकडे बघायचं. म्हणून एक दिवा चालू ठेवायचा. आणि एखाद्या मुलाला उठून जावंसं वाटलं तर कारण न विचारता जाऊ द्यायचं. लायब्ररीत खिडकीपाशी अशा मुलांसाठी एक खुर्ची कायम रिकामी असायची. तिच्यावर दुसऱ्या कोणी बसलं की बाई त्याला उठवायच्या, मग ते प्रिन्सिपल असले तरी.

हे नियम फक्त शाळेपुरते असतील, असं मला वाटलं होतं. त्या वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळाला मुलांना एक मराठी सिनेमा दाखवायचा होता. आमच्या मुलांना मराठी कळतं, पण तुम्ही मराठीत विचारा, ती इंग्रजीत उत्तर देणार. म्हटलं, सिनेमाने तरी जीभ वळेल. शाळेचा हॉल मिळवायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. आई-बाप येऊन बसले की तो वर्ग राहत नाही, जाहीर खेळ होतो, आणि त्याला निर्मात्याची परवानगी लागते. मंडळाचे अध्यक्ष चिडून म्हणाले, अहो, मुंबईहून इथे कोण बघायला येणार आहे? बाई म्हणाल्या, "मी बघते आहे ना."

मग त्यांनी स्वतःच मुंबईच्या निर्मात्याला मेल पाठवली, एकदा, दोनदा, तीनदा. होकार आला तेव्हा गणपतीचं विसर्जन होऊन पंधरवडा लोटला होता. सिनेमा दिवाळीला दाखवला. अध्यक्षांनी भाषणात बाईंचे आभार मानले, पण आवाज गणपतीपासूनचा कोरडा होता.

इतक्या काटेकोर बाईकडून चूक होईल, असं तुम्हाला वाटतं का? मलाही वाटलं नसतं. पण त्या चुकीत अर्धा वाटा माझा होता आणि आधी तो सांगायला हवा.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मला मुलगी झाली. बायको आणि मी दोघेच, मदतीला कोणी नाही, आठवडाभर डोळ्याला डोळा नव्हता. त्यातच नववीच्या वर्गाला भूकंप शिकवायचे होते. मी अठरा मिनिटांची एक क्लिप शोधली, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता पहिली चार मिनिटं पाहिली. पृथ्वीचे थर, सरकणारे तुकडे, रंगीत बाण, छान होतं सगळं. बाकीचंही असंच असणार, म्हणालो. वहीत 'संपूर्ण पाहिली' या रकान्यात होय लिहून सही ठोकली. खरं सांगू? त्यात आपण खोटं बोलतो आहोत असं मला वाटलंच नाही. आपल्याकडे फॉर्मवर सही करायची असते, फॉर्म वाचायचा नसतो. बँकेत, सोसायटीत, मुलाच्या शाळेत, जिथे फुली मारली असेल तिथे सही करत मी मोठा झालो. लिहिलेलं लोक खरं धरतात अशा देशात येऊन मला तीन वर्षं झाली होती, पण हाताला ते अजून कळलं नव्हतं.

बाईंकडे गेलो तो बर्फीचा डबा घेऊनच. मुलगी झाली म्हणून दूध पावडरची बर्फी मी स्वतः थापली होती. बाई उठून उभ्या राहिल्या. एक तुकडा तोंडात टाकला, नाव काय ठेवणार, बायको जेवते का, शेक-शेगडीचं काय केलं, असं सगळं विचारत राहिल्या आणि बोलता बोलता वही ओढून माझ्या सहीशेजारी सही केली. त्या दिवशी त्यांनी शेवट विचारला नाही.

वर्गात मी दिवे घालवले आणि मागच्या बाकावर बसून चाचणीचे पेपर तपासायला घेतले. अकरा मिनिटं झाली असतील. बाण आणि थर संपले आणि कोणीतरी फोनवर घेतलेलं चित्रण सुरू झालं. रस्ता, धूळ, कोसळलेली विटांची भिंत, कोणी कोणाला तरी हाका मारतंय. मी मान वर केली तेव्हा तिसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती.

ती मुलगी टेबलाखाली होती. गुडघे पोटाशी, एक हात मानेवर आणि दुसऱ्या हातात टेबलाचा पाय घट्ट. इथल्या प्रत्येक शाळेत मुलांना भूकंपात हेच करायला शिकवतात. खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा. दोघंतिघं हसले, मग त्यांचंही हसू थांबलं. मी व्हिडिओ बंद केला, दिवे लावले, तिला हाका मारल्या. ती हात सोडेना.

ती याच देशातल्या क्राइस्टचर्च शहरातली होती. २०११ च्या भूकंपानंतर घर राहण्याजोगं उरलं नाही, म्हणून आईबरोबर इकडे आली होती. तिची आजी, तिची नॅना, त्या दुपारी शहरात कामावर होती आणि परत आली नव्हती. हे सगळं तिच्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. त्या फाइलवरही, वाचली म्हणून, माझी सही होती.

मी एका मुलाला बाईंकडे पळवलं. बाई आल्या, एकदा सगळीकडे पाहिलं आणि मला हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, बाकीच्यांना बाहेर ने. मग भिंतीला हात टेकत त्या खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना चढताना कठड्याला धरून चढायच्या. त्या रांगत शेजारच्या टेबलाखाली गेल्या आणि त्यांनीही टेबलाचा पाय धरला. मी सव्वीस मुलांना घेऊन मैदानात उभा होतो आणि काचेतून मला टेबलांचे दोन पाय आणि त्यांना धरलेले दोन हात दिसत होते. घंटा होऊन गेल्यावर बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या.

तिला काय सांगितलंत, असं मी नंतर विचारलं.

"काही नाही. हे किती वेळ धरून ठेवायचं, ते तिला विचारलं. आम्हाला लहानपणी कोणी शिकवलं नव्हतं."

कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बाई कराडला होत्या. चौदा वर्षांच्या. मुलीने मात्र त्यांना सगळं नीट शिकवलं होतं. हात कुठे, मान कशी, टेबल सरकलं तर आपणही त्याच्याबरोबर कसं सरकायचं.

शाळा सुटल्यावर मी लायब्ररीत गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रिन्सिपलनी मला बोलावलं होतं. माझी शिक्षक म्हणून पक्की नोंदणी अजून व्हायची होती. पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या देखरेखीखाली काढावी लागतात आणि तेवढ्यात असं काही झालं तर सगळंच अवघड. घरात दोन आठवड्यांचं बाळ, बायको रजेवर. मी बाईंना म्हणालो, वहीत माझ्या नोंदीपुढे 'फक्त पहिली पाच मिनिटं' एवढं लिहा. म्हणजे मी पाहिलेलं होतं, फक्त वेळेवर थांबवायला विसरलो, असं होईल.

बाईंनी वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"एकदा खोटं लिहिलं गेलंय. दुसऱ्यांदा मी लिहिणार नाही."

मी चिडून निघालो. खोटं कशाला सांगू, मनात नको नको ते आलं. एवढ्या मोठ्या शाळेत आपलं म्हणावं असं एक माणूस, आणि ते वेळेला असं. घरी बायकोला सांगितलं, तर बाळाला थोपटता थोपटता ती म्हणाली, मी उद्या पेशंटला न बघता चार्टवर लिहिलं तर तू काय म्हणशील? मग तिच्यावरही चिडलो.

सकाळी प्रिन्सिपलच्या खोलीत बाई आधीच बसल्या होत्या. आमचे प्रिन्सिपल ऐन थंडीतही हाफ पँट घालणारे, हसतमुख गृहस्थ. त्या दिवशी ते हसले नाहीत. मी तोंड उघडायच्या आत बाई बोलू लागल्या. त्या म्हणाल्या, मी प्रत्येक शिक्षकाला एक प्रश्न विचारते. याला विचारला नाही. हा आमच्याकडचा आहे, त्याला मुलगी झाली होती, त्याने मिठाई आणली होती. त्या आनंदात मी न विचारता सही केली. दुसऱ्या कोणासाठी केली नसती. मग हिरवी वही त्यांनी प्रिन्सिपलच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, वर्ष संपेपर्यंत ही दुसऱ्या कोणाकडे द्या.

माझ्याबद्दल त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. माझा वाटा त्यांनी माझ्यासाठी तसाच ठेवला होता. रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं मी विसरलो आणि चार मिनिटंच पाहिली होती, असं सांगितलं.

नोकरी राहिली. नोंदणी एक वर्ष पुढे गेली. मुलीच्या आईकडे जाऊन माफी मागायची ठरली, तेव्हा बाई न बोलावता बरोबर आल्या. आईने आम्हाला चहा दिला. मी रागावलेली नाही, फक्त थकले आहे, एवढंच ती म्हणाली. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती विज्ञानाच्या दुसऱ्या वर्गात बसू लागली.

नोंदणीची मला काळजी होती, नाही असं नाही. पण मला खरं खाल्लं ते वेगळ्याच गोष्टीने. ती मुलगी वऱ्हांड्यात समोरून यायची आणि मला पाहिलं की खालच्या जिन्याने वळून जायची. माझ्या वर्गातली तिसऱ्या रांगेतली खुर्ची तशीच रिकामी. तिथे मी दुसऱ्या कोणाला बसवलं नाही. तिला माझ्या वर्गात पुन्हा बसावंसं वाटेल का, हा एकच प्रश्न मी रोज घरी घेऊन जायचो.

वही इंग्रजीच्या विभागप्रमुखांकडे गेली. ते काहीच विचारत नसत, फक्त सही करत. शिक्षक पहिला आठवडा खुशीत होते. मग एकेक जण लायब्ररीत चक्कर मारू लागला. सहीसाठी नाही, नुसतंच उभं राहून बाईंना आपल्या फिल्मचा शेवट सांगायला. खेळाचे शिक्षक तर खुर्ची ओढून बसायचे.

इतके नियम कशासाठी, असं मी बाईंना एकदा विचारलं होतं. मला वाटलं, यामागे काहीतरी दुःखाची कथा असणार. कराडच्या शाळेत कधी काही झालं असेल, कोणी मूल घाबरलं असेल. गोष्टी वाचून वाचून आपल्याला तशी सवय लागलेली असते. बाई म्हणाल्या, काही झालं नव्हतं रे. काही होऊ नये म्हणूनच नियम असतो ना.

ती मुलगी परत आली का, ते सांगतो. पण त्याआधी बाईंचं सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही आणि शेवटी ठेवायचं नाही. वही त्यांच्याकडे परत आली आणि आणखी तीन वर्षं राहिली. मग डीव्हीडी गेल्या, सगळं इंटरनेटवर आलं आणि वहीच्या जागी कॉम्प्युटरवर एक फॉर्म आला. रकाना तोच, 'संपूर्ण पाहिली', पण समोर कोणी तळवा करत नाही. यजमान गेल्यावर बाई पुकेकोहे गावी आपल्या मुलीकडे राहायला गेल्या. जावई कांद्याची शेती करणारा. आजोबांच्या वेळेपासून ते घराणं तिथलंच. फोनवर बाई मला कांद्याचे भाव सांगायच्या आणि माझ्या मुलीशी मराठीतच बोलायच्या. ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मग बाई तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या, उत्तर मराठीत येईपर्यंत. २०१९ च्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या.

आता त्या मुलीचं. भूकंपाच्या प्रकारानंतर पाच महिने झाले असतील, ऑगस्टचा बुधवार. जेवणाच्या सुट्टीत ती मुलगी आपणहून लायब्ररीत आली आणि तिने बाईंना विचारलं, की त्या क्लिपमध्ये पुढे काय होतं. बाईंनी ती क्लिप त्या दिवसानंतर चारदा पाहिली होती, हे मला माहीत होतं. पण त्यांनी तिला काही सांगितलं नाही. तुला बघायचं आहे का, असं विचारलं. ती हो म्हणाली. मग बाईंनी तिच्या आईला फोन केला, सगळं सांगितलं आणि आईचा होकार घेतला. मुलीला विचारलं, सरांना बोलावू का? ती ओके म्हणाली, असं मला बाईंनी नंतर सांगितलं.

तीन खुर्च्या, सगळे दिवे चालू, दार उघडं, आवाज बारीक. रिमोट बाईंनी तिच्या हातात दिला. बाण आले, थर आले, अकरा मिनिटं झाली आणि तो रस्ता आला. तिने पॉज केलं. चित्र थांबलं. धूळ, भिंत, रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या डेअरीची, म्हणजे इथल्या किराणा दुकानाची, पाटी. ती त्या पाटीकडे इतका वेळ बघत होती, की मला उठून टीव्ही बंद करावासा वाटला. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"दॅट्स नॉट नॅनाज स्ट्रीट," ती म्हणाली.

दुसऱ्याच कुठल्यातरी भागातला रस्ता होता तो. त्या दिवशी तिने पाहायच्या आधीच डोळे मिटले होते आणि पाच महिने ती तोच रस्ता आजीच्या कामाच्या जागेचा समजत आली होती. आम्हा दोघांपैकी कोणालाही हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिने पुन्हा प्ले केलं. उरलेल्या सात मिनिटांत एका इंजिनिअरने जेलीचं ताट हलवून कुठली जमीन जास्त हलते ते दाखवलं, एका स्त्रीने घरात पाणी आणि टॉर्च कुठे ठेवायचे ते सांगितलं आणि संपलं. मुलीने आमच्याकडे पाहिलं. एवढंच, असं तिच्या तोंडावर होतं.

मी तिची माफी मागितली. आधी तिच्या आईसमोर मागितली होती, चिठ्ठीतही लिहिली होती, पण तिच्याकडे बघून त्या दिवशी पहिल्यांदा मागितली. ती रिमोट उलटसुलट करत राहिली. मग तिने विचारलं, तुमचा वर्ग आता कुठल्या धड्यावर आहे.

वीज, मी म्हणालो. सोमवारी सुरू करतोय.

तिने मान हलवली, रिमोट टेबलावर ठेवला आणि पुढच्या तासाला पळाली. बाई शेल्फकडे वळल्या आणि सरळ ठेवलेली पुस्तकं पुन्हा सरळ करत बसल्या.

सोमवारी पहिल्या तासाला ती आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. मी हजेरी घेत होतो. नावं वाचता वाचता माझं लक्ष दाराच्या काचेकडे गेलं. बाहेर बाई उभ्या होत्या. एक एक चेहरा बघत त्यांची नजर तिसऱ्या रांगेपर्यंत आली, तिथे थांबली आणि मग त्या वळल्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो होतो, पण त्यांनी मला पाहिलंच नाही. कठड्याला हात लावत, गुडघ्यांना जपत त्या वऱ्हांड्यातून चालत गेल्या. पुढे पुकेकोहेहून त्यांच्या मुलीचा, बाई गेल्याचा, फोन आला तेव्हा मला आधी त्यांचा चेहरा नाही आठवला. त्या पाठमोऱ्या बाई आठवल्या.